सोसायटीच्या शिबिरांसाठी बालसुरक्षेचे नियम : काय लिहावे आणि कोणाला कळवावे?

शेजारधर्म (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी डोंबिवलीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत क्लबहाउसमध्ये चित्रकला, बुद्धिबळ आणि नृत्याचे वर्ग भरतात आणि श्रावण लागला की गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. या सगळ्यात बाहेरून येणारे शिक्षक, साउंडवाले, मंडपवाले आणि मदतीला धावणारे आमचेच काका-दादा अशा अनेक मोठ्या माणसांचा मुलांशी रोजचा संबंध येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले, संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली, तेव्हा आमच्याकडेही बरीच खळबळ झाली. गेटवर कॅमेरे बसले, एका ताईंना बोलावून मुलांना 'गुड टच, बॅड टच' शिकवून झाले आणि पुढे सारे थंडावले.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी बालसुरक्षेचे लेखी नियम करण्याचा ठराव मांडला. आक्षेप अपेक्षित होते तेच आले. आपल्याकडे सगळी घरंदाज माणसे आहेत, असे काही लिहून लावले तर सोसायटीची नाचक्की होईल, शिक्षकांकडे पोलिसांचा दाखला मागितला तर शिकवायला कोण येईल, वगैरे. मी सभेत एकच प्रश्न विचारला, की उद्या एखाद्या मुलाने तुमच्यापैकी कोणाला काही सांगितले, तर तुम्ही पहिला फोन कोणाला कराल? कोणालाही उत्तर देता आले नाही. 'नाही' म्हणायला आपण मुलांना शिकवले, पण तो 'नाही' ऐकल्यावर मोठ्यांनी काय करायचे हे मोठ्यांनाच ठाऊक नाही, अशी आपली अवस्था आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून माहिती घेतली होती आणि त्यात महाराष्ट्र व गोवाही होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला सामोरे गेल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा मुलांचा ज्यांच्यावर विश्वास आहे असे लोक होते. गेटवरचा कॅमेरा अनोळखी माणसाला टिपेल. आत राहणाऱ्या आणि आत बोलावलेल्या माणसाचे काय, या प्रश्नावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

विधिज्ञ_ठाणे

प्रश्न योग्य जागी नेमका विचारला आहे. पहिला फोन १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर करावा, किंवा थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. १०९८ ही मुलांसाठीची मोफत सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आता ती शासनामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक ठरते, मग ती मुलगी असो वा मुलगा. कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. 'कोणत्याही व्यक्तीने' या शब्दांकडे नीट पाहावे. त्यात आई-वडील आले, शिक्षक आले, डॉक्टर आले, शेजारी आले आणि सोसायटीचे सचिवही आले. घडलेला गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत आणि दंड अशी आहे. बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही माहिती न दिल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका वसतिगृहाचे प्रकरण या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखे आहे. तेथील आदिवासी मुलींवर अत्याचार झाले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरवरील गुन्हा रद्द केला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि अशा गुन्ह्याची माहिती तत्काळ व रीतसर देणे अत्यंत महत्त्वाचे आहे, तसे न केल्यास कायद्याचा हेतूच फसतो, असे स्पष्ट केले.

आता सर्वांत जास्त चुकते ती गोष्ट. सोसायटीने आधी 'आपापसात चौकशी' करू नये. संबंधित माणसाला कार्यालयात बोलावणे, मुलाला त्याच्यासमोर उभे करणे, दोन्ही घरांना समजावणे, यातून मुलावर दडपण येते, पुरावा जातो आणि समोरचा सावध होतो. कळवणाऱ्याला गुन्हा सिद्ध करायचा नसतो, तपास हे पोलिसांचे काम आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्याच कलम १९ मध्ये म्हटले आहे.

नाना_माहीमकर

विषयाचे गांभीर्य मान्य आहे. तरीही एक रोखठोक शंका विचारतो. सोसायटीत पार्किंगवरून, पाण्यावरून, थकबाकीवरून माणसे एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. उद्या कोणी सूड म्हणून एखाद्या सज्जन माणसाचे नाव घेतले, तर त्याची अब्रू परत कोण आणून देणार? शिवाय पोलीस ठाण्यात पाऊल टाकले की लहान मुलाला दिवसभर बाकावर बसवून ठेवतील, ही भीती निराधार आहे का?

विधिज्ञ_ठाणे

नाना, दोन्ही शंका रास्त आहेत. कोणाला बदनाम करण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी गंभीर गुन्ह्यांबाबत जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा कलम २२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र सांगणारा स्वतः बालक असेल तर त्याला शिक्षा होत नाही. सद्हेतूने कळवलेली माहिती तपासात सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हा फरक ध्यानात घ्यावा. समोरच्याची अब्रू राखण्याचा उपायही हाच आहे, की माहिती थेट पोलिसांना द्यावी आणि व्हॉट्सॲपच्या गटावर एक अक्षरही लिहू नये.

पोलीस ठाण्याविषयी कलम २४ असे सांगते, की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा आणि बालकाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. जबाब आई-वडिलांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. प्रत्यक्षात सगळीकडे असे घडत नाही, हे मीही पाहतो. बदलापूरच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी कित्येक तास ताटकळावे लागले होते. म्हणूनच पालकांबरोबर ही कलमे माहीत असलेले एखादे माणूस असावे आणि गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही म्हणून कोणी परत पाठवू लागले, तर हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवणे भाग आहे, हे त्याने शांतपणे सांगावे.

बाई_चौथी_ब

मी मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. कलमे विधिज्ञांनी सांगितली. मूल आपल्याशी बोलते तो क्षण कसा असतो, त्याबद्दल मी लिहिते.

माझ्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटली की दप्तर भरायला फार वेळ लावू लागली. कंपासपेटीतली पट्टी काढायची, परत ठेवायची, वह्या मोठ्या-लहान लावायच्या, पुन्हा विस्कटायच्या. व्हॅनचा हॉर्न वाजला की तिचे हात अधिकच संथ होत. एके दिवशी मी फळा पुसत पुसतच, तिच्याकडे न बघता म्हटले, "आज घरी जायची घाई नाही वाटतं." ती म्हणाली, "बाई, मला पुढच्या सीटवर बसायचं नाही." मी विचारले, "पुढच्या सीटवर काय होतं?" आणि पुढे गप्प राहिले. एवढे गप्प राहणे मला आयुष्यात फार थोड्या वेळा जमले असेल. तिने जे सांगितले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. ती बोलून झाल्यावर मी म्हटले, "सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही." तिने विचारले, "आईला नाही ना सांगणार?" त्यावर 'नाही सांगत' असे वचन मी दिले नाही. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन, असे म्हटले. ती गेल्यावर तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून, वहीत उतरवून काढले. त्या दिवशी ती व्हॅनने गेली नाही. वडील येऊन घेऊन गेले आणि आम्ही पोलिसांकडे गेलो.

मोठ्या माणसाच्या तोंडून अशा वेळी नेमके नको तेच प्रश्न येतात. "तू ओरडली का नाहीस?", "आधी का नाही सांगितलंस?", "नक्की ना? ते तर किती चांगले आहेत." यातल्या एकाही प्रश्नाने काही कळत नाही, मूल मात्र मिटून जाते. 'त्यांनी इथे हात लावला का, तिथे लावला का' असे शब्द तोंडात घालणारे प्रश्नही टाळावेत, कारण मुलाला मोठ्यांनी पढवले आहे, असा वाद पुढे न्यायालयात याच प्रश्नांवरून उभा राहतो. आणि कृपा करून ती गोष्ट मुलाकडून आत्या, काकू, आजी अशा प्रत्येकीसमोर वदवून घेऊ नका.

बालरोग_सांगली

बाईंच्या प्रतिसादाला जोडून डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगतो. आधी पोलिसांची कागदपत्रे आणा, मग तपासतो, असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. अशा बालकाला सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पोलिसांना कळवणे हेही रुग्णालयाचेच कर्तव्य आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, तीही पालकांच्या किंवा विश्वासातील व्यक्तीच्या समोर. 'टू फिंगर टेस्ट' नावाचा, योनिमार्गात बोटे घालून तपासण्याचा अघोरी प्रकार सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा ठणकावून निषिद्ध ठरवला आहे. घटना ताजी असेल तर दवाखान्यात येण्यापूर्वी मुलाला आंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवून बरोबर आणावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात.

पालक मला लक्षणे विचारतात. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, एखाद्या विशिष्ट माणसाकडे किंवा वर्गाला जाण्यास अचानक नकार, वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे, कारण सापडत नाही अशी पोटदुखी, अभ्यासातून एकाएकी उडालेले लक्ष, यांकडे गांभीर्याने पाहावे. पण यांतले कोणतेही लक्षण म्हणजे निदान नव्हे, आणि अनेक मुलांमध्ये एकही लक्षण दिसत नाही. शरीरावर खूण नसणे हा काही घडले नसल्याचा पुरावा मुळीच नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे हा धडा फार महागात शिकावा लागला. मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेप झाली. तो तोंड लपवून हिंडणारा माणूस नव्हता. गरीब मुलांना आसरा देणारा परोपकारी म्हणून लोक त्याला ओळखत होते आणि त्याच ओळखीच्या आड सारे चालले होते. मुंबईत कुलाब्याच्या आसऱ्यागृहांच्या प्रकरणातही परदेशी चालक 'मुलांसाठी झटणारे' म्हणूनच मिरवत होते. त्यांना २००६ साली झालेली शिक्षा उच्च न्यायालयात रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती पुन्हा कायम केली.

पॉक्सो येण्याच्या नऊ वर्षे आधी, २००३ साली, गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. त्यात हॉटेलवाल्यांवर जबाबदारी टाकली, की कुटुंबासोबत किंवा नातेवाइकांसोबत नोंद नसलेल्या मुलाला कोणाच्याही खोलीत जाऊ द्यायचे नाही. मला यातला विचार महत्त्वाचा वाटतो. स्वागतकक्षातल्या पोराने समोरचा पाहुणा सज्जन आहे की दुर्जन, हे ओळखायचे नाही. नियम आहे म्हणून सर्वांनाच अडवायचे. सोसायटीनेही तसाच नियम करावा, म्हणजे 'आमच्यावर संशय घेता का' हा प्रश्नच उरत नाही. क्लबहाउसच्या बंद दाराआड एक मोठा आणि एक मूल असे कधीच असता कामा नये, मग तो मोठा अध्यक्षांचा मुलगा का असेना.

एक_वाचक

या आयडीने प्रथमच लिहीत आहे, थोडक्यात लिहितो. चर्चेत वारंवार 'मुली' येत आहे. ज्या अभ्यासाचा उल्लेख धागाकर्त्यांनी केला, त्यात अत्याचार सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. मी त्या अभ्यासात नव्हतो, पण असू शकलो असतो.

माणूस घरातलाच होता, सणावाराला मानाने पाटावर बसणारा. मी आईला सांगितले तेव्हा तिने माझ्यावर विश्वास ठेवला, याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. त्यानंतर आमच्या घरी त्याचे येणे बंद झाले. कारण कोणालाच सांगितले गेले नाही. वडिलांनाही नाही, मग बाकीच्या नातलगांना कुठून सांगणार. आमचे दार बंद झाले आणि तो मावशीकडे, काकांकडे, जिथे माझ्याहून लहान भावंडे होती तिथे, पूर्वीसारखाच जात राहिला. तिथे काय झाले असेल, हे विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही. आपल्याकडे 'घरात मिटवले' असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ते दुसऱ्या घरात सरकवलेले असते.

बाई_चौथी_ब

एक_वाचक, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. गंभीर गुन्ह्यांच्या तक्रारीला कायद्याने मुदत घातलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण काय करायचे आणि करायचे की नाही हे सर्वस्वी तुमच्या हाती असावे. कोणाशी बोलावेसे वाटले तर समुपदेशकाशी जरूर बोला. मुंबईत 'अर्पण' ही संस्था २००६ पासून याच विषयावर काम करते आणि लहानपणी हे सोसलेल्या मोठ्या माणसांनाही मदत करते.

विधिज्ञ_ठाणे

दोन मुद्दे राहिले होते. पहिला समाजमाध्यमांचा. पीडित बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा कुटुंबाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कलम २३ ने मनाई केली आहे. 'न्याय मिळेपर्यंत फॉरवर्ड करा' असे लिहून फिरणारे संदेश हा गुन्हा बिनदिक्कत करतात. मुलांवरील अत्याचाराची चित्रफीत आली तर ती कोणालाही, 'सावध करण्यासाठी' सुद्धा, पुढे पाठवू नये. ती जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःचे नाव न देताही त्याची तक्रार करता येते.

दुसरा मुद्दा आपल्याकडच्या एका गैरसमजाचा. कपड्यांवरून झालेला स्पर्श हा या कायद्याखाली गुन्हा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटले होते आणि ती बातमी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. त्वचेला त्वचा लागली की नाही हे पाहायचे नसून लैंगिक हेतू पाहायचा असतो. 'नुसता हात तर लावला' हे कोणी समजावू लागल्यास ही तारीख सांगावी.

नाना_माहीमकर

माझ्या शंकांचे बऱ्यापैकी निरसन झाले. पोलिसांच्या दाखल्याविषयी मात्र माझे मत कायम आहे. चारित्र्य पडताळणीत नोंदलेले गुन्हे तेवढे कळतात, आणि वरच्या प्रतिसादांवरून दिसते की बहुतेक गोष्टी नोंदल्याच जात नाहीत. दाखला घ्या, पण तो फायलीत लागला म्हणजे काम संपले असे समजणारी आमची कमिटी मला चांगली ठाऊक आहे. त्यापेक्षा वर्गाचे दार काचेचे करा आणि वर्ग चालू असताना दोन पालकांची पाळी लावा. फुकटात होईल.

शेजारधर्म (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेवरून मसुदा केला आहे, तो सभेपुढे ठेवण्यापूर्वी इथे मांडतो. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी घेतली जाईल, आणि नानांची सूचना मान्य करून वर्गाच्या दाराला काच बसवून पालकांची पाळी लावली जाईल. तालमींच्या वेळी मुलांना कपडे बदलण्यास मदत फक्त त्यांचे स्वतःचे पालक करतील. एक मोठा आणि एक मूल बंद खोलीत, गच्चीवर किंवा गाडीत एकटे असणार नाहीत आणि हा नियम कमिटीच्या सदस्यांनाही लागू राहील. शिक्षक मुलांशी खासगी संदेशांतून बोलणार नाहीत, जे सांगायचे ते पालकांच्या गटावर सांगतील. कोणालाही काही कळल्यास किंवा शंका आल्यास ती व्यक्ती स्वतः १०९८, ११२ किंवा पोलीस ठाण्यात कळवेल. त्यासाठी कमिटीची परवानगी लागणार नाही, कमिटी चौकशी करणार नाही आणि तडजोडीची बैठक घेणार नाही.

एका गोष्टीवर अडलो आहे. आमच्या वॉचमनचे कुटुंब आवारातच राहते आणि घरकामाला येणाऱ्या मावशींची मुले दुपारभर जिन्यात खेळत असतात. हे नियम त्यांच्या मुलांनाही लागू करायचे, तर तक्रार आमच्याच एखाद्या सभासदाविरुद्ध असू शकते, आणि काम जाईल या भीतीने ती माणसे बोलणार नाहीत.

विधिज्ञ_ठाणे

मसुद्यात तसे स्पष्ट लिहा, की आवारात असलेल्या प्रत्येक मुलाला हे नियम लागू आहेत आणि माहिती देणाऱ्याला त्या कारणाने कामावरून काढले जाणार नाही. फलक मराठी आणि हिंदीत, लिफ्टजवळ नव्हे तर वॉचमनच्या खोलीपाशी आणि पाण्याच्या टाकीजवळ लावा, म्हणजे ज्यांनी वाचायचा ते वाचतील. त्या कुटुंबांना हेही सांगा, की पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते, समिती त्यांच्यासोबत राहण्यासाठी साहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते, वकील मोफत मिळतो आणि महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेखालील आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. कामाचा रोज बुडेल म्हणून तारखांना न जाणारी आई मी पाहिली आहे. त्या दिवसाची मजुरी सोसायटीने द्यावी, असे एक वाक्य मसुद्यात घालता आले तर पाहा.

बाई_चौथी_ब

आणि मावशींची बैठक दुपारी तीनला ठेवा. सकाळी आणि संध्याकाळी त्या कामावर असतात. डोंबिवलीला यायला मला जमेल.